मोठे चित्र, बारीक अक्षर

गळ टाकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आमिष दिसले पाहिजे, गळ दिसता कामा नये. ठाण्याच्या खाडीकाठी कोपरीला किंवा शेजारच्या चेंदणी कोळीवाड्यात हे कोणाला शिकवावे लागत नाही. पण हल्ली माणसेच माणसांना गळ टाकू लागली आहेत, आणि तोही घरबसल्या, हातातल्या फोनवर. त्या गळाची ही गोष्ट. गोष्ट रचलेली आहे. पण आपल्या आळीत विचारून पाहा. अशी एखादी खरी गोष्ट सापडल्यावाचून राहणार नाही.

कोपरीत एक मावशी राहत होत्या. मासळी विकून त्यांनी दोन लेकरे वाढवली. पन्नाशीला आल्यावर त्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या आणि वाचायला शिकल्या. त्यांचे वाचणे सावकाश. अक्षरावर बोट ठेवायचे, ओठ हलवायचे, मग पुढे जायचे. मुलगा बारावी झालेला. तो फोनवर इतक्या झरझर बोट फिरवी की मावशींना बघूनच घेरी येई.

लेकीचे लग्न ठरले. मावशींच्या मनात एकच होते. लेकीला पैठणी घ्यायची. आपल्याला मिळाली नाही, तिला मिळू दे.

एका रात्री मुलगा म्हणाला, "आई, हे बघ. पैठणी! बारा हजारांची, आज फक्त ९९९ ला."

फोनवर साडीचे चित्र होते. काठ सोनेरी, पदरावर मोर. चित्राच्या खाली एक घड्याळ उलटे चालले होते. नऊ मिनिटे उरली, आठ मिनिटे उरली.

"एवढी स्वस्त कशी रे?" मावशींनी विचारले.

"यांना दुकानाचं भाडं नसतं, आई. म्हणून परवडतं."

"आणि खाली बारीक काय लिहिलंय?"

"ते काही नसतं गं. सगळीकडं तसलंच लिहिलेलं असतं. वेळ संपत आली बघ."

मुलाने नाव, पत्ता, फोनचा नंबर भरून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. बोलणारी बाई गोड बोलत होती. "दादा, ती ९९९ वाली कालच संपली हो. पण तुमच्यासाठी एक बाजूला ठेवलीय. हातमागाची, असली रेशीम. आठ हजारांची आहे, तुम्हाला २,४९९ ला देते. घरात लग्न आहे ना?" लग्नाचे तिने बोलता बोलता मुलाच्याच तोंडून काढून घेतले होते. "मी कोड पाठवते, त्यावर लगेच पैसे टाका. माल आजच निघेल."

मुलाने पैसे टाकले.

आठ दिवसांनी पुडके आले. मावशींनी साडी हातात घेतली. मासळी ताजी की शिळी हे ज्या बोटांना कळते, त्या बोटांना कापडही कळते. साडी गुळगुळीत होती, पण तिला वजन नव्हते. मोर विणलेले नव्हते, छापलेले होते. पदर उलटा केला तर मागे नुसता फिका रंग.

मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी मुलाकडून फोन मागून घेतला, ती जाहिरात पुन्हा काढायला लावली आणि बोट ठेवून बारीक अक्षरे वाचू लागल्या. "पैठणी स्टाइल. सॉफ्ट आर्ट सिल्क. रंग आणि डिझाइन चित्रापेक्षा वेगळे असू शकते. माल परत घेतला जाणार नाही." एवढे वाचायला त्यांना पाच मिनिटे लागली. घड्याळात तेव्हा नऊ मिनिटे होती. म्हणजे वेळ पुरला असता.

"आर्ट म्हणजे कला ना रे?" त्यांनी विचारले. मुलगा गप्प राहिला.

इथे आर्ट म्हणजे कला नव्हे. 'आर्टिफिशियल' हा एक इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ कृत्रिम, बनावटी. त्या लांब शब्दाचा तोडलेला तुकडा म्हणजे हा 'आर्ट'. आर्ट सिल्क म्हणजे बनावटी रेशीम. ऐकायला कसे छान वाटते पाहा! फसवणारा पुष्कळदा धडधडीत खोटे लिहीतच नाही. तो खरे लिहितो, पण बारीक लिहितो आणि दुसऱ्या भाषेत लिहितो. 'सेमी' म्हणजे अर्धे. 'स्टाइल' आणि 'टाइप' म्हणजे तसे दिसणारे, पण ते नव्हे. 'प्रिंट' म्हणजे छापलेले. हे चार शब्द ज्याला ओळखता आले त्याचे पुष्कळ पैसे वाचतील.

आपल्या मराठीतलेही दोन शब्द असेच राबवले जातात. एक 'पासून' आणि दुसरा 'पर्यंत'. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा कोणत्याही मोठ्या बाजारात फिरताना पाट्या वाचत चला. 'साड्या १९९ रुपयांपासून' अशी पाटी दिसेल. १९९ हा आकडा हाताएवढा, 'पासून' बोटाच्या पेराएवढा. १९९ च्या दोनच साड्या टांगलेल्या असतात, त्याही रंग गेलेल्या. आत गेलात की पुढची साडी आठशेची. '८० टक्क्यांपर्यंत सूट' यातही तोच खेळ. एका वस्तूवर ८० टक्के सूट आणि बाकी शंभर वस्तूंवर ५ टक्के, तरी पाटी खोटी ठरत नाही. 'पर्यंत' लिहिले आहे ना! ही युक्ती फोनने आणलेली नाही. फोनने ती फक्त स्वस्त केली. पूर्वी त्यासाठी निदान दुकान तरी थाटावे लागे.

आता पैठणी इतकी स्वस्त का असू शकत नाही ते पाहू. पैठण गोदावरीच्या काठी आहे. पैठणीला नाव त्या गावाचे, पण आज विणकरांची मोठी वस्ती नाशिक जिल्ह्यात येवल्याला आहे. खरी पैठणी रेशमाच्या धाग्याची आणि जरीची. पदरावरचा मोर छापत नाहीत, मागावर बसून विणतात. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. जिथे एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे विणकर हाताने धागा धाग्यात अडकवतो. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर पालथा केला तरी मोर जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. छापलेल्या साडीत मागे काहीच नसते. साध्या साडीलाही विणकराचे कित्येक दिवस जातात. भरगच्च पदराच्या साडीला महिने लागतात. विणकराची मजुरी बाजूलाच राहू द्या, ९९९ रुपयांत नुसते रेशीमसुद्धा येत नाही. एवढा एक हिशेब बोटांवर केला असता तरी उलटे चालणारे घड्याळ मावशींच्या घरात थांबले असते.

रेशमाची आणखी एक परीक्षा आहे. साडीच्या कडेचा एखादा सुटा धागा घेऊन जाळावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. बनावटी धागा पुष्कळदा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. दुकानात घेताना 'सिल्क मार्क'ची चिठ्ठी पाहावी. ती केंद्रीय रेशीम मंडळाच्या योजनेतली आहे. पण ती फक्त रेशीम शुद्ध असल्याचे सांगते. साडी हातमागाची आहे हे सांगत नाही. हातमागासाठी 'हॅण्डलूम मार्क' नावाची वेगळी खूण असते.

सेमी पैठणी विकणारा लबाडच असतो, असे मात्र समजू नका. यंत्रमागाची साडी 'यंत्रमागाची' म्हणून विकली, दाम तसे घेतले, तर तो धंदा सरळ आहे. गरिबाच्या लेकीनेही मोराचा पदर घ्यावा, त्यात वाईट काय? वाईट आहे ते एक दाखवून दुसरे गळ्यात मारणे.

मग विकायचीच नाही ती वस्तू दाखवायची कशाला? तर ती दाखवल्याने गिऱ्हाईक दारात येते. एकदा आले, नाव सांगितले, मन लावले, की रिकाम्या हाताने परत जायला त्याचा पाय निघत नाही. 'ती संपली, पण ही घ्या' हे वाक्य त्याच क्षणाची वाट पाहत असते. काही वेळा तर दुसरी वस्तूही द्यायची नसते. लाखो लोकांची नावे, नंबर आणि आगाऊ पैसे मिळाले तरी काम झाले.

२०१६ साली साऱ्या देशाने असला एक प्रकार पाहिला. दिल्लीजवळच्या नोएडातल्या 'रिंगिंग बेल्स' नावाच्या कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली. फोनचे नाव 'फ्रीडम २५१'. फेब्रुवारी महिना होता. लोकांची अशी झुंबड उडाली की कंपनीची साइट बंद पडली. मुलुंड म्हणजे कोपरीच्या अलीकडचेच गाव. त्या भागाचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी या सौद्याविषयी तेव्हाच जाहीर शंका घेतली होती. आणि गंमत पाहा. पत्रकारांना नमुना म्हणून जे फोन दिले ते दुसऱ्याच कंपनीचे निघाले. त्यावरचे मूळ नाव पांढऱ्या शाईने झाकलेले होते. नखाने खरवडले की खालचे नाव दिसे. ज्या तीस हजार लोकांकडून आगाऊ पैसे घेतले होते, त्यांचे पैसे परत करू, असे कंपनीला जाहीर करावे लागले. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. शिकलेली, कचेरीत काम करणारी माणसेसुद्धा त्या २५१ च्या रांगेत होती. म्हणून मावशींच्या मुलाला फार बोल लावू नये.

कायदा काय म्हणतो? आपल्या देशात ग्राहकासाठी पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या आधीच महाराष्ट्रात ग्राहकांनी एकत्र यायला सुरुवात केली होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची रीत अशी की शेजारपाजारच्या घरांनी एक गट करायचा, महिन्याचा माल एकत्र मागवायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. एकट्या गिऱ्हाइकाला दुकानदार उडवून लावील. शंभर घरांना उडवणे जड जाते.

नवा कायदा २०१९ चा. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याच महिन्यात फोनवरून आणि संगणकावरून होणाऱ्या विक्रीसाठी वेगळे नियम आले. विक्रेत्याने आपले नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव दाखवलेच पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचा निकाल एका महिन्यात दिला पाहिजे. सगळ्यांत मोलाचा नियम पुढे आहे. माल जाहिरातीप्रमाणे नसेल, खराब असेल, नकली असेल किंवा ठरलेल्या वेळेनंतर आला असेल, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. मग 'माल परत घेतला जाणार नाही' हे जे बारीक अक्षरांत लिहिलेले होते त्याचे काय? माल वेगळा निघाला तर त्या ओळीला किंमत नाही. ती ओळ लिहिली आहे ती आपण निमूट बसावे म्हणून.

जून २०२२ मध्ये सरकारने आमिषाच्या जाहिरातीबद्दल वेगळी सूचना काढली. त्या भावात माल द्यायची शक्यताच नसेल, तर तो भाव दाखवून गिऱ्हाईक बोलावू नये. माल थोडाच असेल तर तसे स्पष्ट लिहावे. ३० नोव्हेंबर २०२३ ला आणखी एक सूचना निघाली. तिच्यात ऑनलाइन विक्रीतल्या तेरा प्रकारच्या छुप्या क्लृप्त्यांना मनाई केली. एक दाखवून दुसरे देणे हा त्यांतला एक प्रकार. खोटी घाई करणे, म्हणजे ते उलटे घड्याळ, हाही एक. न विचारता टोपलीत जिन्नस टाकून बिल वाढवणे हा आणखी एक. मासळी बाजारात कोणी मागितल्यावाचून टोपलीत बांगडे टाकून पैसे मागितले तर काय होईल? फोनवर मात्र आपण ते मुकाट्याने देतो, कारण कोणी पाहत नसते.

कायदा चांगला आहे. पण त्याला धरायला माणूस लागतो. मावशींच्या विक्रेत्याचा पत्ता कुठेच नव्हता. जाहिरात चार दिवसांनी नाहीशी झाली. गोड बोलणाऱ्या बाईचा नंबर बंद लागू लागला.

मुलाने मग फोनवरच 'तक्रार नंबर' शोधला. एक नंबर सापडला. पलीकडचा माणूस म्हणाला, "पैसे लगेच परत करतो. मी पाठवतो ते ॲप घ्या आणि तुमचा पिन टाका."

मावशी शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, पैसे आपल्याला मिळायचे ना? मग पिन आपण कशाला टाकायचा? बँकेतून काढताना टाकतात तो."

अगदी बरोबर. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. तो सापडलेला नंबरही दुसरा गळच होता. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळवायला कासावीस झालेला असतो, म्हणून त्याला पुन्हा फसवणे सोपे जाते. तक्रारीचा नंबर असा शोधून काढू नये. ज्या ॲपवरून खरेदी केली त्या ॲपच्या आत जाऊन घ्यावा.

नंतर त्यांनी १९३० ला फोन लावला. पैशाची ऑनलाइन फसवणूक कळवण्याचा हा सरकारी नंबर आहे. तिथे तक्रार लवकर गेली तर पैसा ज्या खात्यात गेला ते खाते अडवता येते. पण चोर पैसा एका खात्यात ठेवत नाहीत. तो या खात्यातून त्या खात्यात पळत राहतो. मावशींच्या घरून फोन गेला बाराव्या दिवशी. २,४९९ रुपये परत आले नाहीत. चार दिवसांची मासळीची कमाई गेली. पहिल्याच दिवशी, निदान पुडके फोडले त्या तासाला फोन गेला असता, तर काही आशा होती. लाज वाटते, घरचे रागावतील, अडीच हजारांसाठी कुठे पोलिसांत जायचे, असे म्हणत माणसे दिवस घालवतात. तेवढेच दिवस चोराला हवे असतात.

विक्रेता नावापत्त्याचा असेल, किंवा माल मोठ्या ॲपवरून घेतला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे दाद मिळू शकते. पण पुरावा पाहिजे. जाहिरातीचा फोटो विकत घेतानाच काढून ठेवावा, कारण जाहिरात पुढे बदलते. पुडके फोडताना दुसऱ्याला फोन धरायला सांगून चित्रफीत घ्यावी. पुडक्यावरचा कागद फाडून टाकू नये. शक्य असेल तिथे माल हातात आल्यावर पैसे द्यावेत. आणि फोनवर कोणी काही कबूल केले तर म्हणावे, "ताई, हेच मला लिहून पाठवा." सरळ विक्रेता लिहून देतो.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. फार मोठे लिहू नये. असे लिहिले तरी पुरे:

"महाशय, मी तुमच्याकडून अमुक तारखेला साडी मागवली. ऑर्डर नंबर अमुक. जाहिरातीत 'शुद्ध रेशीम, हातमाग' असे लिहिले होते. फोटो सोबत आहे. आलेली साडी छापील आणि बनावटी धाग्याची आहे. तिचाही फोटो सोबत आहे. माल जाहिरातीप्रमाणे नसल्यामुळे साडी परत न्यावी आणि माझे पूर्ण पैसे परत द्यावेत. पोच ४८ तासांत द्यावी. आपली, (सही)."

या पत्रात राग नाही, शिव्या नाहीत, रडगाणे नाही. तारीख आहे, नंबर आहे, काय लिहिले होते आणि काय आले ते आहे. एवढेच उपयोगी पडते. उत्तर आले नाही तर १९१५ ला फोन करावा. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीत बोलता येते. ते कंपनीला तक्रार पाठवतात आणि पुष्कळ वेळा तेवढ्यावर काम भागते. तरीही नाही झाले, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कोपरी, कळवा, कल्याण, डोंबिवलीच्या लोकांना तो ठाणे जिल्ह्यातच आहे. कंपनी दिल्लीची असो की बंगळूरची, आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही, आपले आपण बोलता येते. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या सरकारी साइटवर तक्रार घरूनही भरता येते.

आता अभ्यास. घरातल्या फोनवर विक्रीची कोणतीही एक जाहिरात काढा. मुलाला किंवा सुनेला वाचायला सांगू नका, स्वतः वाचा. चित्र हाताने झाका आणि फक्त अक्षरे वाचा. 'पासून', 'पर्यंत', 'सेमी', 'स्टाइल', 'टाइप', 'प्रिंट', 'आर्ट' यांपैकी कोणते शब्द सापडले ते वहीत लिहा. विक्रेत्याचे नाव आणि पत्ता कुठे आहे ते शोधा. सापडला तर वहीत उतरवून घ्या. सापडला नाही तर तेही लिहा, आणि वही उद्या वर्गात आणा.